मरणाचं कारण लिहा, डॉक्टरसाहेब!

डॉक्टर मंडळी सध्या खूप बोलतात, आणि त्यांनी बोलावंच. औषधांना दाद न देणारे जंतू, आरोग्य विमा, रुग्णालयांत होणारे हल्ले, नव्या लसी, एआय हे त्यांचे नेहमीचे विषय. १८ सप्टेंबर २०२५ ला तर होमिओपॅथांना ॲलोपॅथीच्या नोंदवहीत जागा देऊ नये म्हणून राज्यभरच्या डॉक्टरांनी संप केला. मी सॉफ्टवेअरवाला. ‘आरोग्यसेवेत एआय’ असा विषय असला की अशा बैठकांना मलाही बोलावणं येतं. चहा चांगला असतो, स्लाइड्सही चांगल्या असतात. पण या बैठकांत एक प्रश्न मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही: गेल्या वर्षी आपल्या सोलापुरात जी माणसं मेली, ती कशानं मेली?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्याचं खरं उत्तर कुणाकडे नाही. आरोग्याच्या धोरणाची सगळी इमारत मात्र त्याच उत्तरावर उभी असल्याचं आपण धरून चालतो. कुठल्या आजारावर पैसा लावायचा, कुठल्या भागात दवाखाना काढायचा, कुठल्या धंद्यातल्या माणसाची छाती तपासायची, हे सगळं कोण कशानं मरतंय यावरून ठरायला हवं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

दोस्तहो, हा विषय रुक्ष वाटेल. फॉर्म, रकाने, नोंदणी. पण आपल्या मोहल्ल्यात जे अवेळी जातात त्यांची नावं मनात आणा आणि मग पुढचं वाचा.

कागद काय म्हणतो

रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टरांना एक प्रमाणपत्र भरावं लागतं. त्याला फॉर्म ४ म्हणतात. घरी मृत्यू झाला आणि शेवटच्या दुखण्यात कुणी डॉक्टर पाहत असेल, तर त्याच्यासाठी फॉर्म ४-अ. दोन्हींची रचना सारखी आणि फार हुशारीनं केलेली आहे. पहिल्या भागात साखळी लिहायची असते: शेवटी थेट कशानं मृत्यू झाला, ते कशामुळे झालं, आणि ते मुळात कशामुळे सुरू झालं. प्रत्येकासमोर किती दिवस, किती वर्षं हेही लिहायचं असतं. दुसऱ्या भागात बाजूचे आजार.

उदाहरण घ्या. एक माणूस रक्तात जंतुसंसर्ग पसरून गेला. संसर्ग कशामुळे? पायाला गँगरीन झालं होतं. गँगरीन कशामुळे? पंधरा वर्षांचा मधुमेह. डॉक्टरांनी या तीन ओळी लिहिल्या की या माणसाचा मृत्यू मधुमेहाच्या खात्यात जातो. उद्या कुणी विचारलं की शहरात मधुमेहानं किती गेले, तर तो मोजला जातो.

आता आपल्याकडे बहुतेक वेळा काय लिहिलं जातं? ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. हे कारण नाही, ही मृत्यूची व्याख्या आहे. जगात आजवर मेलेल्या प्रत्येक माणसाचं हृदय आणि श्वास थांबलेलेच आहेत. खुद्द फॉर्मवर सूचना छापलेली असते की हृदय बंद पडणं, अशक्तपणा असे मरणाचे प्रकार लिहू नका, आजार लिहा. तरीही ती सूचना ज्या कागदावर आहे त्याच कागदावर, तिच्या शेजारीच, तेच तीन शब्द लिहिले जातात.

माझ्या धंद्यात या प्रकाराची चांगली ओळख आहे. फॉर्ममधला एखादा रकाना तुम्ही सक्तीचा केला आणि भरणाऱ्याला त्याचं मोल कळलं नाही, तर तो त्यात एक टिंब टाकतो आणि पुढे जातो. संगणकाला वाटतं रकाना भरला. प्रत्यक्षात तो रिकामाच असतो. ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ म्हणजे डॉक्टरांनी टाकलेलं टिंब.

आणि हे टिंब तरी निदान रकान्यात आहे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय प्रमाणपत्र असलेले मृत्यू होते १८ लाख ११ हजार. म्हणजे २२.५ टक्के. उरलेल्या साडेसत्याहत्तर टक्के माणसांच्या मरणाचं कारण कुठल्याही डॉक्टरांनी लिहिलेलं नाही. आपण चर्चा करतो ती शंभरातल्या साडेबावीस माणसांवरून, आणि त्यातही टिंबं किती हे वेगळंच.

चाळीस माणसं

सोलापूरकरांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. आपण ते जगलो आहोत.

१२ एप्रिल २०२० ला शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. सापडला तेव्हा तो हयात नव्हता. मृत्यूनंतर तपासणीचा अहवाल आला. म्हणजे आपल्या शहराच्या साथीची सुरुवातच एका मरणाचं कारण उशिरा कळण्यानं झाली. पुढचे दोन महिने पेठापेठांतून, वस्त्यावस्त्यांतून माणसं जात राहिली. रोज संध्याकाळी मोबाइलवर आकडा येई आणि लोक तो एकमेकांना पाठवत. आणि मग जूनमध्ये महापालिका आयुक्तांनीच जाहीर केलं की कोरोनानं झालेले ४० मृत्यू आधी नोंदलेच गेले नव्हते.

चाळीस. त्या आकड्यामागे चाळीस घरं आहेत. त्या चाळीसजणांच्या शेजारी राहणाऱ्यांना, त्यांना अंघोळ घालणाऱ्यांना, त्यांच्या मयतीला खांदा देणाऱ्यांना कळायला हवं होतं तेव्हा कळलं नाही. रोजचा आकडा पाहून ज्यांनी ‘आपल्याकडे कमी आहे’ म्हणून दुकान उघडलं, ते खोट्या आकड्यावर विसंबले.

हे फक्त सोलापूरचं नव्हतं. १६ जून २०२० ला महाराष्ट्र सरकारनं एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू यादीत घातले. देशाचं पाहा. २०२० च्या अखेरीस कोरोनाचे अधिकृत मृत्यू दीड लाखाच्या जरा आत होते. पण त्याच वर्षी ज्या २२.५ टक्के मृत्यूंना डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं, फक्त तेवढ्यांतच कोरोनाचे १,६०,६१८ निघाले. ज्यांना प्रमाणपत्रच नव्हतं त्यांचा हिशेब यात नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अंदाज मांडला की २०२० आणि २०२१ मिळून भारतात नेहमीपेक्षा ४७ लाख मृत्यू जास्त झाले. तोवरचा सरकारी आकडा होता ४ लाख ८१ हजार. सरकारनं संघटनेच्या गणिती पद्धतीवर आक्षेप घेतला. घ्यावा. पण अंदाज चुकीचा म्हणायचा तर आपली पक्की मोजणी टेबलावर ठेवावी लागते. ती नव्हती, म्हणून तर दुसऱ्यांना अंदाज बांधावा लागला.

या सगळ्याला पैशाचीही बाजू होती. ३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं कोरोनानं गेलेल्यांच्या कुटुंबांना मदत देण्याचा आदेश दिला, पुढे ५० हजार रुपये ठरले. लोक अर्ज घेऊन गेले तर कागदावर ‘न्यूमोनिया’, ‘हार्ट अटॅक’, किंवा तेच टिंब. ४ ऑक्टोबर २०२१ ला न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की केवळ मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेला नाही म्हणून मदत नाकारू नका. महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू होते सुमारे १ लाख ४१ हजार आणि अर्ज आले दोन लाखांहून जास्त. एका डॉक्टरांनी घाईत भरलेला एक रकाना, आणि त्यापायी विधवा बाई कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिली. यापुढे कुणी मला ‘तो फॉर्म म्हणजे नुसती कारकुनी’ असं सांगू नये.

मोजलं कुणाला?

आता एक गोष्ट स्पष्टच बोलू. त्याच एप्रिल महिन्यात या देशात एक मोजणी मात्र अगदी चोख चालू होती. १८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य खात्यानं पत्रकारांना सांगितलं की १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ रुग्ण, म्हणजे २९.८ टक्के, तबलिगी जमातच्या एका कार्यक्रमाशी संबंधित आहेत. दशांशासकट.

शाळेतलं पोरही विचारेल: तपासले किती? ज्या गटातल्या माणसांना आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना देशभर शोधून शोधून तपासलं, त्यांच्यात रुग्ण जास्त सापडणारच. बाकीच्या समाजात तेव्हा तपासण्या होत होत्या नावापुरत्या. छेद न सांगता अंश सांगणं याला गणितात अपुरी माहिती म्हणतात, आणि साथीच्या काळात त्याचा अर्थ काय होतो हे भाजीच्या गाड्यांवर, सोसायट्यांच्या गेटवर आपल्या लोकांनी पाहिलं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि साथ आली की सत्ता बळीचा बकरा शोधते, अशा आशयाचं स्पष्ट मत नोंदवलं. पण निकाल यायला चार महिने लागले. आकडा एका संध्याकाळी देशभर फिरला होता.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. जिवंतपणी आपला धर्म मोजायला यंत्रणेकडे दशांश होते. मेल्यावर आपला आजार मोजायला तिच्याकडे टिंब होतं. आणि त्या न मोजलेल्या चाळीसांमध्ये कुठल्या धर्माचे किती होते हे मला विचारू नका, कारण तो प्रश्नच चुकीचा आहे. ती सोलापूरची माणसं होती. मागणी एवढीच आहे की मोजायचं तर सगळ्यांना मोजा, नीट मोजा, आणि जात-धर्म पाहून नाही, आजार पाहून मोजा.

त्या काळात आपल्यातल्या अनेकांनी ठरवून टाकलं की आकडा म्हणजे आपल्याविरुद्धचं हत्यार, तेव्हा नोंदीपासून लांब राहिलेलं बरं. हे मला समजतं, पण पटत नाही. २०२५ मध्ये मालेगावापासून सुरू झालेल्या वादात उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांवर कसा संशय घेतला गेला, ते आठवा. ज्यांची नोंद वेळेवर होती, त्यांच्याकडे बोट दाखवता आलं नाही. खोट्या आकड्याला उत्तर देता येतं ते खऱ्या आकड्यानंच. नोंद टाळणारा दुसऱ्याच्या आकड्याचा गुलाम होतो.

छातीतली धूळ

माझे एक मामू आधी सूतगिरणीत होते, ती बंद पडल्यावर पॉवरलूमवर. शेवटची आठ-दहा वर्षं ते जिना चढताना दोनदा थांबायचे. सोमवारी सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती जास्त आवळते, असं ते स्वतः सांगत. कापसाच्या धुळीच्या आजाराचं हे पुस्तकी लक्षण आहे, हे मला नंतर वाचून कळलं. ते एका रुग्णालयात वारले. पुढे विम्याच्या कामासाठी कागद मागवला, त्यावर तेच तीन शब्द. मागची साखळी कोरी. दम लागण्याची एवढी वर्षं, ती गिरणी, ते माग, सगळं कोऱ्या ओळींमध्ये गडप.

कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या फुप्फुसविकाराला बिसिनोसिस म्हणतात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो धंद्यातून होणाऱ्या आजारांमध्ये नोंदलेला होता. म्हणजे कायदा म्हणतो की हा आजार कामावरच्या इजेसारखाच धरा, भरपाई द्या. पण आजार कागदावर आलाच नाही, तर भरपाई कशाची? मामूंना बिसिनोसिसच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. माझी तक्रार तीच आहे: जे डॉक्टर होते त्यांनी हो की नाही हे लिहिलं नाही.

आपलं शहर कशावर उभं राहिलं? चादरीवर, टॉवेलवर आणि विडीवर. माग चालवणाऱ्यांत आणि विड्या वळणाऱ्यांत तेलुगू बोलणारे आहेत, कानडी आहेत, मराठी आहेत, आपल्यासारखे दख्खनी बोलणारेही आहेत. ज्या शहरात हजारो बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर तंबाखूत हात घालून बसतात, त्या शहरात त्या कशानं मरतात हे एका तक्त्यात सांगता यायला नको का? मृत्यूच्या नोंदणीच्या अर्जात मृताचा व्यवसाय विचारलेला असतो. तंबाखू, सुपारी, दारू किती वर्षं हेही विचारलेलं असतं. बाई गेली असेल तर ती गरोदर होती का, बाळंतपणात किंवा नंतरच्या सहा आठवड्यांत गेली का, हेही. प्रश्न अगदी बरोबर आहेत. पण आयुष्यभर विड्या वळून घर चालवलेली बाई व्यवसायाच्या रकान्यात सहज ‘गृहिणी’ होऊन जाते, कारणाच्या रकान्यात तिचं हृदय थांबतं, आणि तंबाखूचा कारखाना मोकळा सुटतो.

ज्यांनी विचारलं त्यांना सापडलं

हे जमणारं नाही, गरीब देशात एवढं कुठं शक्य, असं म्हणणाऱ्यांसाठी तीन उदाहरणं देतो. तिन्ही आपल्याच मातीतली.

महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून पोरंसोरं मरत होती. लोकांसाठी आणि कागदासाठी कारण एकच, ‘विंचू’. बावस्कर रुग्णाजवळ रात्र रात्र बसले, नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. त्यांना दिसलं की विषानं हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस त्यानं जातो. साखळी कळली, तशी ती तोडायची जागाही कळली. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी कामी आली. शंभरातले चाळीस दगावत, तिथं प्रमाण एकावर आलं. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकानं ते छापलं. ‘विंचू चावून मृत्यू’ एवढ्यावर ते थांबले असते, तर ती गोळी कुणाला सुचली असती?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावोगावच्या बायांना जन्म आणि मृत्यू टिपायला शिकवलं. तान्ही बाळं कशानं जातात हे आधी मोजलं, मग ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत बसवली. १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे ती मोजणी आहे.

तिसरं उदाहरण देशाच्या पातळीवरचं, दशलक्ष मृत्यूंचा अभ्यास. ज्या घरात मृत्यू झाला तिथं जाऊन घरच्यांना विचारायचं, शेवटी काय काय झालं? ताप होता का, किती दिवस, दम लागत होता का? ती हकिगत दोन डॉक्टर वेगवेगळे वाचून कारण ठरवणार. या पद्धतीनं निघालं की भारतात मलेरियानं वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार माणसं जात होती. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज होता १५ हजार. साप चावून वर्षाला सुमारे ४६ हजार. ही माणसं बहुतेक खेड्यातली, बहुतेक घरीच मेलेली. डॉक्टरांच्या कागदावर ती आलीच नव्हती, म्हणून देशाच्या लेखी ती मेलीच नव्हती.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला चीनमधल्या एका खेड्यात वारले. भोवती युद्ध, वय अवघं बत्तीस. तरीही ते कशानं गेले हे आपल्याला ठाऊक आहे: अपस्माराचे झटके. ऐंशी वर्षांपूर्वी रणभूमीवर जे लिहून ठेवता आलं, ते आजच्या वातानुकूलित आयसीयूत लिहायला अडचण काय?

डॉक्टरांच्या सबबी

अडचणी मी ऐकल्या आहेत, आणि त्यातल्या काही खऱ्या आहेत.

‘निवासी डॉक्टर छत्तीस-छत्तीस तास जागा असतो, रात्री तीनला कागद भरताना त्याला कुठं सुचतं?’ खरं आहे. हा फॉर्म कॉलेजात एकदा शिकवतात, पुढे तो इंटर्नच्या अंगावर टाकतात. वरिष्ठांना त्याकडे पाहायला वेळ नसतो. पण मग ही सबब इंटर्नची आहे, वरिष्ठांची नाही. एआयवर दोन तास बोलायला वेळ आहे आणि दहा प्रमाणपत्रं वाचायला नाही, हे कसं?

‘रुग्ण आणला तेव्हाच शेवटची घटका होती, आम्हाला मूळ आजार कुठून कळणार?’ नातेवाईक बाहेरच उभे असतात. विचारा. माहीत नसेल तर ‘कारण निश्चित नाही’ असं प्रामाणिकपणे लिहा. ते टिंबापेक्षा लाख पटीनं बरं.

‘डेंग्यू लिहिलं की वरून विचारणा होते, नसती झंझट.’ हे मात्र मी सबब मानत नाही. ही कबुली आहे. विचारणा व्हावी म्हणूनच तर डेंग्यू लिहायचा असतो. चौकशीच्या भीतीनं साथ लपते आणि शेजारच्या गल्लीतलं पोर मरतं.

कायदा तरी काय करतो? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात प्रमाणपत्र द्यायला टाळाटाळ करणाऱ्यासाठी २०२३ च्या दुरुस्तीपर्यंत जास्तीत जास्त ५० रुपये दंड होता. सिग्नल तोडला तर याहून जास्त जातात.

राहिला एआय. मी त्याच धंद्यात आहे, म्हणून अधिकारानं सांगतो. यंत्र जुन्या नोंदींवरून शिकतं. नोंदींत सगळ्यांचं हृदयच थांबलेलं असेल, तर यंत्रही तेच शिकेल, फक्त जास्त वेगानं आणि जास्त रुबाबानं सांगेल. ज्या वस्तीतली माणसं नोंदीत नाहीत, त्या वस्तीला यंत्र निरोगी समजेल. डॉक्टरसाहेब, आम्हाला एआय मागण्याआधी तीन ओळी लिहा. बाकीचं आम्ही करू.

आणि आपल्या सबबी

आता आपल्याकडे वळू. ‘मौत का वक्त मुकर्रर है, वजह पूछ के क्या करना?’ हे वाक्य मी कितीतरी मयतींच्या घरी ऐकलं आहे. दुःखात माणूस असं म्हणतो, त्याला कुणी अडवू नये. पण चाळीस दिवसांनीही आपण तेच म्हणत असू, तर तो सब्र नाही, आळस आहे. वेळ ठरलेली असेल. भेसळीचं पाणी, बंद पडलेली तपासणी, धुळीनं भरलेला कारखाना हे काही वरून ठरून आलेलं नाही. ते माणसांनी केलेलं आहे आणि माणसांना ते बदलता येतं.

‘दफन लवकर करायचं असतं, कागदात वेळ जातो.’ कारणाचं प्रमाणपत्र म्हणजे शवविच्छेदन नव्हे. त्यासाठी मय्यतीला हात लावावा लागत नाही, दफन एक मिनिटही थांबत नाही. डॉक्टरांनी जे माहीत आहे ते लिहायचं असतं, बस.

‘टीबी लिहिला तर पोरीचं लग्न कसं व्हायचं?’ ही भीती खरी आहे, म्हणून कायदा नीट माहीत करून घ्या. महापालिकेतून जो मृत्यूचा दाखला मिळतो त्यावर कारण छापता येत नाही, कायद्याच्या कलम १७ मध्येच तशी मनाई आहे. बँकेत, शाळेत, रेशन कचेरीत तुम्ही जो कागद देता त्यावरून कुणाला काही कळत नाही. कारण जातं ते मोजणीसाठी. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून रुग्णालयानं कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यायची आहे. घरी पाहणाऱ्या डॉक्टरांनीही ते फी न घेता द्यायचं आहे. हा तुमचा हक्क आहे. मेहेरबानी नाही.

मग करायचं काय?

आपल्यातले कितीतरी तरुण मोहल्ल्यात काम करतात. नीट परीक्षेत पास झालेल्यांचे सत्कार करतात, रक्तदान शिबिरं भरवतात, रुग्णवाहिका चालवतात. त्या कामात हे एक काम जोडा.

मयतीच्या घरी कागदपत्रांसाठी जो पोरगा धावपळ करतो, त्याला तीन गोष्टी शिकवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घेणं. आणि त्यावर नुसतं ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ असेल तर अदबीनं, पण ठामपणे विचारणं: डॉक्टरसाहेब, हे कशामुळे झालं तेही लिहा. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. डॉक्टरांवर हात उगारणारा या कामाचा शत्रू आहे. फक्त विचारायचं. शंभर घरांतून शंभर वेळा हा प्रश्न आला, तर एकशेएकाव्या कागदावर उत्तर आपोआप येईल.

व्यवसायाच्या रकान्यात खरं लिहा. अम्मी विड्या वळत होत्या तर ‘विडी कामगार’ लिहा. अब्बा मागावर होते तर ‘यंत्रमाग कामगार’. यात कमीपणा काही नाही. कमीपणा लपवण्यात आहे.

आपल्या समाजातून शिकून डॉक्टर झालेल्यांना एक विनंती. तुमचे हार-तुरे आम्ही आनंदानं घातले, पुढेही घालू. पण महिन्यातून एकदा तुमच्या बैठकीत नावं झाकून दहा प्रमाणपत्रं समोर ठेवा आणि एकमेकांना विचारा, साखळी पूर्ण आहे का? यासाठी निधी लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतो तो एक तास आणि थोडी लाज.

महापालिकेकडे एकच मागणी: दरवर्षी शहरातल्या मृत्यूंचा कारणांनुसार, वयानुसार, भागानुसार तक्ता मराठीत जाहीर करा. नावं नकोत, धर्म नको. किती मृत्यूंना कारण नाही हेही त्यात मोठ्या अक्षरात लिहा. तो तक्ता कुणाही सोलापूरकराला वाचता आला पाहिजे, नई जिंदगीतल्या पोराला आणि रेल्वे लाइन्समधल्या वकिलालाही. मग आरोग्याच्या धोरणावरची चर्चा हॉटेलच्या हॉलमधून बाहेर येईल, कारण तिचा कच्चा माल सगळ्यांच्या हातात असेल.

हे होईपर्यंत डॉक्टरांच्या कुठल्याही चर्चेत आपल्याला बोलावलं, तर जा, चहा प्या, आणि स्लाइड्स संपल्या की हात वर करून एवढंच विचारा: गेल्या वर्षी आपल्या शहरात माणसं कशानं मेली? उत्तर मिळेपर्यंत हात खाली घेऊ नका.